मेमरी केअर केंद्राच्या गाडीचा लायबिलिटी विमा: पॉलिसी समोर ठेवून पायरीपायरीने कसा तपासायचा

मेमरी केअर केंद्राची, म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांच्या निवासी केंद्राची, व्हॅन डोळ्यांच्या दवाखान्यासमोर उभी होती. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. ड्रायव्हर मागच्या बाजूला लिफ्ट खाली घेत होता आणि सोबतची केअरगिव्हर एका आजोबांच्या व्हीलचेअरचे पट्टे सोडवत होती. तेवढ्यात दाराजवळच्या सीटवरच्या आजींनी आपला बेल्ट स्वतःच काढला, सरकतं दार ढकललं आणि उतरून त्या पार्किंग लॉटमधून चालू लागल्या. त्यांना घरी जायचं होतं. चाळीसेक पावलांवर फुटपाथच्या कडेला पाय अडखळला, त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

कुणाची गाडी कुणावर आदळली नव्हती. केंद्राकडे लायबिलिटीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी आपल्यावर आली तर भरपाई देणाऱ्या, तीन पॉलिसी होत्या: गाडीसाठी ऑटो, शुश्रूषेतल्या चुकांसाठी प्रोफेशनल लायबिलिटी आणि इतर सर्वसाधारण दाव्यांसाठी जनरल लायबिलिटी. तिन्हींचे हप्ते वेळेवर भरलेले होते. ऑटोवाल्यांनी कळवलं, गाडी उभी होती, हा देखरेखीतला हलगर्जीपणा आहे, प्रोफेशनल लायबिलिटीकडे जा. प्रोफेशनलवाल्यांनी कळवलं, प्रवासात घडलेलं आमच्याकडे येत नाही, ऑटोकडे जा. जनरल लायबिलिटीने तर ऑटोचं एक्सक्लूजन (गाडीचे दावे वगळणारं कलम) दाखवून पहिल्याच पत्रात दार लावून घेतलं. मी विम्याच्या बाजूने ती फाइल हाताळत होते. एकीकडे आजींच्या लेकीचे फोन यायचे, दुसरीकडे ही पत्रापत्री चालायची, आणि दोन्हींत काही महिने गेले.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे. मेमरी केअरच्या गाडीचा धोका रस्त्यावर जितका असतो, तितकाच तो गाडीच्या दारात असतो. विमा मात्र आपण रस्ता डोळ्यांसमोर ठेवून घेतो. अमेरिकेत असं केंद्र चालवणाऱ्या, तिथे मॅनेजर असलेल्या किंवा सहा खाटांचं छोटं केअर होम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मेमरी केअरचा परवाना राज्य सरकार देतं आणि विम्याचे नियमही राज्यागणिक बदलतात. म्हणून शेवटचा शब्द तुमच्या राज्यातल्या ब्रोकरचा आणि वकिलाचा. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक हवं.

पहिली पायरी: गाड्यांच्या आधी फेऱ्या मोजा

एक साधी वही घ्या आणि सलग दोन आठवडे केंद्राच्या कामासाठी झालेली प्रत्येक फेरी लिहा. डॉक्टर, डायलिसिस, रविवारची प्रार्थना, बागेतली सहल हे तर आलंच. पण स्वयंपाकी दूध संपलं म्हणून स्वतःच्या गाडीने दुकानात गेला, नर्स तुमच्या एका घरातून दुसऱ्या घरी गेली, ऑफिसमधल्या मुलीने बँकेत चेक भरले, रात्रपाळीची केअरगिव्हर औषधं आणायला फार्मसीत गेली, हेही लिहायचं. प्रत्येक फेरीपुढे चार गोष्टी हव्यात: गाडी कुणाची, चालवली कुणी, आत रहिवासी होता का, आणि असल्यास ड्रायव्हरखेरीज सोबत कोण होतं.

“आमच्याकडे व्हॅनच नाही, मग ऑटो पॉलिसी कशाला?” हे छोट्या केअर होमच्या मालकांकडून मी अनेकदा ऐकलं आहे. वही भरून झाली की तो प्रश्न आपोआप सुटतो. नोकर मालकाच्या कामावर असताना त्याच्या हातून झालेल्या नुकसानीची जबाबदारी मालकावर येते, हे अमेरिकेतल्या कायद्याचं जुनं तत्त्व आहे. दूध आणायला गेलेल्या स्वयंपाक्याने सायकलवाल्याला उडवलं, तर गाडी त्याची असली तरी दाव्याच्या कागदावर तुमच्या केंद्राचंही नाव येतं.

दुसरी पायरी: गाडी कुणाच्या नावावर आणि पॉलिसी कुणाच्या

ही पायरी लहान आहे, पण घरगुती पातळीवर सुरू झालेली केंद्रं इथेच अडकतात. व्हॅन नवऱ्याच्या नावावर, धंदा एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर आणि पॉलिसीत विमाधारक म्हणून फक्त एलएलसी, अशी जोडी मला बरेचदा दिसते. कागदोपत्री ती व्हॅन एलएलसीच्या मालकीची नाहीच. टायटल (गाडीच्या मालकीचा कागद), रजिस्ट्रेशन आणि पॉलिसीचं पहिलं पान एकत्र ठेवून नावं अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसतील तर आजच ब्रोकरला कळवा, नूतनीकरणाची वाट बघू नका.

तिसरी पायरी: लायबिलिटीसमोरचा छोटा आकडा वाचा

कमर्शियल ऑटो पॉलिसीच्या डेक्लरेशन पेजवर, म्हणजे त्याच पहिल्या पानावर, प्रत्येक कव्हरेजसमोर एक किंवा अधिक छोटे आकडे छापलेले असतात. लिमिटची, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती देईल याची, मोठी रक्कम सगळे बघतात, या आकड्याकडे कुणी बघत नाही. खरं तर कुठल्या गाड्यांना पॉलिसी लागू आहे हे तोच ठरवतो. बहुतेक कंपन्या जो प्रमाणित फॉर्म वापरतात (त्याचा क्रमांक सीए ०० ०१), त्यात या आकड्यांचे अर्थ ठरलेले आहेत. आपल्या कामाचे चार.

१ म्हणजे कुठलीही गाडी. लायबिलिटीसाठी याहून चांगलं काही नाही. मिळत असेल तर थोडा जास्त हप्ता देऊन घ्यावं असं माझं मत.

७ म्हणजे फक्त यादीत नाव असलेल्या गाड्या. नवीन व्हॅन घेतली, तर तुमच्या सगळ्या गाड्या त्याच कंपनीकडे असतील किंवा ही व्हॅन यादीतल्या जुन्या गाडीच्या जागी आली असेल, आणि घेतल्यापासून ३० दिवसांत तुम्ही कळवलं असेल, तरच ती आत येते. देणगीत मिळालेली व्हॅन याच अटीत अडकते. उत्साहात ती वापरात येते आणि कळवायचं राहून जातं.

८ म्हणजे भाड्याने घेतलेल्या किंवा उसन्या मागून घेतलेल्या गाड्या. कर्मचाऱ्यांच्या गाड्या यात धरत नाहीत.

९ म्हणजे तुमच्या मालकीच्या, भाड्याच्या किंवा उसन्या नसलेल्या, तरी तुमच्या कामासाठी वापरलेल्या गाड्या. कर्मचाऱ्याची स्वतःची गाडी इथे बसते.

पानावर नुसता ७ असेल, तर वहीतल्या दुधाच्या, फार्मसीच्या आणि बँकेच्या फेऱ्या सगळ्या उघड्यावर आहेत. निदान ७, ८ आणि ९ हे तिन्ही हवेत. ज्यांच्याकडे एकही गाडी नाही त्यांना ८ आणि ९ ची जोडी घेता येते. ब्रोकर तिला ‘हायर्ड अँड नॉन-ओन्ड’ म्हणतात. गाडीच्या मालकीसह घेतलेल्या पॉलिसीपेक्षा ती बरीच स्वस्त पडते.

८ च्या बाबतीत एक बारकावा आहे. काही रहिवाशांची स्वतःची गाडी केंद्राच्या आवारात उभी असते, कारण ती विकायला घरच्यांचं मन धजत नाही. कधीतरी कुणी म्हणतं, “त्यांचीच गाडी घ्या ना, त्यांना त्यात बरं वाटतं.” तुमचा माणूस ती चालवायला बसला की ती उसनी गाडी झाली, म्हणजे ८ मध्ये गेली. पॉलिसीत फक्त ९ असेल तर ती कुठेच बसत नाही. त्या गाडीच्या किल्ल्या मात्र केंद्रात कुलपात ठेवू नका, घरच्यांच्या हाती द्या. रहिवाशाला किल्ली सापडली तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

आणखी एक. सहलीसाठी मॅनेजरने रेंटल कंपनीची व्हॅन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कार्डावर घेतली, तर ती केंद्राने भाड्याने घेतलेली धरायची की नाही यावर वाद होतो. करार केंद्राच्या नावाने करा. ते जमत नसेल तर ‘एम्प्लॉई हायर्ड ऑटोज’ ही पुरवणी जोडून घ्या. ८ मुळे दुसऱ्याचं नुकसान भरून निघतं. भाड्याच्या व्हॅनला पडलेला पोचा त्यात येत नाही, त्यासाठी वेगळं कव्हरेज आहे.

चौथी पायरी: कर्मचारी आणि स्वयंसेवक यांचं काय

९ घेतला म्हणजे केअरगिव्हरही सुरक्षित झाली, असं मालकांना वाटतं. तसं नाही. प्रमाणित फॉर्ममध्ये स्वतःच्या गाडीने काम करणारा कर्मचारी विमाधारकांतून वगळलेला आहे. ९ केंद्राला वाचवतो, तिला नाही. शिवाय तुमची पॉलिसी नंतर लागू होते. आधी तिच्या वैयक्तिक पॉलिसीतून पैसे जातात आणि ते अपुरे पडले तर तुमची पॉलिसी उघडते.

तिची वैयक्तिक पॉलिसी बहुधा राज्याच्या किमान मर्यादेची असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा एका माणसाच्या इजेसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेसाठी ६० हजार आणि मालमत्तेसाठी १५ हजार आहे. त्याआधी ती अनुक्रमे १५, ३० आणि ५ हजार होती. टेक्सासमध्ये ३०, ६० आणि २५ हजार. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की शस्त्रक्रिया, हॉस्पिटल आणि मग रिहॅब, यात ३० हजार कुठे जातात ते कळतही नाही. त्यात तिच्या पॉलिसीत पैसे घेऊन माणसं नेण्याविरुद्धचं कलम असलं, तर कंपनी ‘रहिवाशांची ने-आण हा धंदा आहे’ असा मुद्दा काढू शकते.

म्हणून माझा सल्ला अगदी साधा आहे. रहिवाशाला कर्मचाऱ्याच्या खासगी गाडीत बसवू नका, आणि हा नियम कामाच्या नियमावलीत लेखी ठेवा. औषधं, दूध, बँक चालेल. माणूस नाही. ज्यांना काम म्हणून गाडी काढावी लागते त्यांच्याकडून दर नूतनीकरणाला त्यांच्या पॉलिसीची प्रत घ्या, किमान मर्यादेहून वरचं लिमिट ठेवायला सांगा आणि त्यासाठी वाढणाऱ्या हप्त्याचा वाटा उचला. वर आपल्या पॉलिसीला सीए ९९ ३३ ही पुरवणी जोडून घ्या. तिने कर्मचारीही विमाधारक ठरतात. तासाच्या पगारावर राबणाऱ्या बाईवर स्वतःच्या घरादारावर दावा ओढवून घेण्याची वेळ यावी, असं कुठल्याही मालकाला वाटत नसणार. स्वयंसेवकांसाठी अशीच पुरवणी आहे, सीए ९९ ३४. तुमच्याकडे निवृत्त मंडळी प्रेमाने सहलीला गाडी चालवायला येत असतील, तर ही पुरवणी आधी आणि सहल नंतर.

पाचवी पायरी: तीन पॉलिसींमधली फट शोधा

इथे घाई करू नका. अर्धा दिवस काढून ऑटो, जनरल लायबिलिटी आणि प्रोफेशनल लायबिलिटी या तिन्ही पॉलिसी टेबलावर शेजारी शेजारी ठेवा.

ऑटो पॉलिसी गाडीची मालकी, देखभाल किंवा वापर यांतून झालेल्या अपघाताची इजा भरून देते. जनरल लायबिलिटीच्या प्रमाणित फॉर्ममध्ये नेमकं हेच वगळलेलं आहे. ड्रायव्हर नेमण्यात किंवा त्याच्यावर देखरेख ठेवण्यात चूक झाली असा दावा केला, तरी तो वगळलेलाच. प्रोफेशनल लायबिलिटी म्हणजे शुश्रूषेतल्या आणि देखरेखीतल्या चुकांचा विमा. तिच्यातही बहुतेकदा ऑटोचं एक्सक्लूजन असतं, पण प्रत्येक कंपनीची शब्दरचना वेगळी. जनरल लायबिलिटीच्या फॉर्ममध्ये गाडीच्या वापरात ‘लोडिंग-अनलोडिंग’ धरलेलं आहे, मात्र त्या शब्दाची व्याख्या सामानापुरती आहे. माणूस चढवणं-उतरवणं हे गाडीच्या वापरात मोडतं की शुश्रूषेत, याचं उत्तर फॉर्म देत नाही. ते कोर्टातून येतं, आणि प्रत्येक राज्याच्या कोर्टाचं सारखं नसतं.

दुसऱ्या धंद्यांत ही फट क्वचित उघडते. मेमरी केअरमध्ये ती रोज दोनदा उघडते, एकदा निघताना आणि एकदा परतताना. डिमेन्शिया झालेल्या दहापैकी सहा जण कधी ना कधी भरकटतात, असं अल्झायमर्स असोसिएशन सांगते. अनोळखी जागी थांबलेली, दार उघडं असलेली गाडी म्हणजे त्यांच्यासाठी घरी जायची वाटच असते.

तेव्हा ब्रोकरला एक ईमेल लिहा आणि त्यात पुढचे प्रसंग जसेच्या तसे मांडा. पहिला: व्हॅन दवाखान्यासमोर थांबली असताना रहिवासी स्वतः उतरून निघून गेला आणि पडला. दुसरा: रॅम्पवरून चढताना केअरगिव्हरचा हात निसटला आणि व्हीलचेअर उलटली. तिसरा: सहलीहून परतल्यावर मोजणी झाली नाही आणि एक रहिवासी उन्हात तापलेल्या व्हॅनमध्ये तासभर राहिला. चौथा: ड्रायव्हरने जोरात ब्रेक दाबला, नीट न लावलेल्या पट्ट्यामुळे रहिवासी खुर्चीतून पुढे घसरला, धडक कुणाशीच नाही. पाचवा: व्हॅनमध्ये एका रहिवाशाने घाबरून दुसऱ्याला ओरबाडलं.

प्रत्येक प्रसंगापुढे विचारा की कुठली पॉलिसी लागू होईल आणि ऑटो व प्रोफेशनल दोन्ही कंपन्यांचं लेखी म्हणणं काय आहे. फोनवर “काळजी करू नका, कव्हर्ड आहे” असं सांगितलं तर त्या क्षणी धीर येतो, पण दाव्याच्या वेळी त्या वाक्याला काडीची किंमत नसते. उत्तर गुळमुळीत आलं तर दोन वाटा आहेत. शक्य असेल तर दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीकडे न्या, म्हणजे निदान भांडण एका छपराखाली राहील. नाहीतर प्रोफेशनल पॉलिसीतल्या ऑटो एक्सक्लूजनला अपवाद जोडून मागा, चढणं, उतरणं आणि प्रवासातली देखरेख एवढ्यापुरता. मिळेलच असं नाही. पण मागितल्याशिवाय तो कुणी देत नाही.

याच टेबलावर आणखी एक गोष्ट तपासा. ऑटो पॉलिसी ‘ऑकरन्स’ पद्धतीची असते, म्हणजे अपघात झाला त्या दिवशी जी पॉलिसी चालू होती ती लागू. प्रोफेशनल लायबिलिटी मात्र पुष्कळदा ‘क्लेम्स-मेड’ असते, म्हणजे दावा कधी आला यावर ठरते. घटना मार्चमध्ये घडली, तुम्ही फक्त ऑटोला कळवली, प्रोफेशनल पॉलिसी जूनमध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि ऑगस्टमध्ये ऑटोने हात वर केले, तर दोन्ही दारं बंद होऊ शकतात. म्हणून दारातल्या प्रत्येक घटनेची सूचना दोन्ही कंपन्यांना, त्याच आठवड्यात.

सहावी पायरी: लिमिट

राज्याची किमान मर्यादा ही केंद्रासाठी मोजपट्टीच नाही. कमर्शियल ऑटोमध्ये १० लाख डॉलरचं एकत्रित लिमिट ही सर्रास चालणारी पायाभूत पातळी आहे. त्याच्यावर अम्ब्रेला (खालच्या पॉलिसींचं लिमिट संपलं की लागू होणारी वरची पॉलिसी) घ्या, आणि अम्ब्रेलाच्या यादीत खालच्या पॉलिसी म्हणून ऑटोचं व प्रोफेशनलचं नाव खरोखर आहे ना ते बघा. एका व्हॅनमध्ये आठ रहिवासी असतील, तर एका अपघातात आठ दावे येतात आणि लिमिट सगळ्यांत मिळून एकच असतं. आकडा ठरवताना एका रहिवाशाचा नव्हे, सगळ्यात भरलेल्या फेरीचा विचार करा.

भाडं घेऊन राज्याच्या सीमेपलीकडे माणसं नेत असाल तर केंद्र सरकारचे नियम लागू होतात. ड्रायव्हर धरून १५ पर्यंत जागांच्या गाडीला किमान १५ लाख डॉलर आणि १६ किंवा जास्त जागांना ५० लाख. बहुतेक केंद्रं आपल्या रहिवाशांपुरतीच ने-आण करतात आणि या कक्षेत येत नाहीत. पण बिलात प्रवासाचं वेगळं शुल्क लावत असाल आणि शेजारच्या राज्यातल्या हॉस्पिटलला जात असाल, तर वकिलाला एकदा विचाराच. १६ जागांपासून ड्रायव्हरला कमर्शियल लायसन्सही लागतं.

समोरच्याकडे विमा नसेल किंवा तोकडा असेल तर आपल्या प्रवाशांना भरपाई देणारं अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हरेज किमान पातळीवर ठेवू नका. चूक कुणाचीही असो, लगेचचा औषधोपचार देणारं मेडिकल पेमेंट्स किंवा नो-फॉल्ट राज्यांतलं पीआयपीही (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन) हवं. पहिल्या आठवड्यात घरच्यांना खर्चाची चिंता करावी लागली नाही, तर अर्धा राग तिथेच निवळतो. तुमचा ड्रायव्हर किंवा केअरगिव्हर जखमी झाली तर तो खर्च वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा (कामावर झालेल्या इजेच्या विम्याचा), ऑटोचा नव्हे.

सातवी पायरी: चालवणारा आणि सोबत असणारा

नेमणुकीआधी आणि पुढे दर वर्षी ड्रायव्हरचा मोटर व्हेइकल रेकॉर्ड, म्हणजे त्याच्या ड्रायव्हिंगची सरकारी नोंद, मागवा. ज्याचा रेकॉर्ड खराब आहे अशाच्या हाती गाडी दिली, तर ड्रायव्हरच्या चुकीशिवाय ‘गाडी त्याच्या हाती दिली’ हीच केंद्राची वेगळी चूक धरली जाते. गाडी कोण चालवू शकतं याची यादी करा, विमा कंपनीला द्या आणि किल्ल्या त्या यादीबाहेर जाऊ देऊ नका.

यापेक्षा माझा आग्रह दुसऱ्या माणसासाठी आहे. एकही रहिवासी गाडीत असेल तर ड्रायव्हरखेरीज एक जण हवाच, आणि थांब्यावर तो दाराशीच उभा राहील. लिफ्ट ड्रायव्हरने हाताळायची, दार सोबत्याने. ज्या केंद्रातली गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्यांनी नंतर हेच केलं. दार उघडण्याआधी सोबती मोठ्याने माणसं मोजतो, उतरल्यावर पुन्हा मोजतो, आणि शेवटी ड्रायव्हर मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन कागदावर सही करतो. जेमतेम मिनिटभराचं काम. तो सह्यांचा कागद मी नंतर विमा कंपनीला दाखवला आणि हप्त्याची बोलणी त्याने सोपी झाली.

बेल्टचं बकल रहिवाशाला उघडता येऊ नये म्हणून वर झाकण बसवायचा मोह होतो. थांबा. तो रहिवाशाला बांधून ठेवण्याचा प्रकार ठरू शकतो, आणि त्याचे नियम कडक आहेत. परवाना देणाऱ्या खात्याला विचारल्याशिवाय असं काही लावू नका.

आठवी पायरी: गाडी आणि खुर्ची

व्हीलचेअर गाडीच्या जमिनीला चार ठिकाणी बांधायची, पुढे दोन आणि मागे दोन. पण चार पट्टे खुर्ची धरून ठेवतात, माणसाला नाही. त्याला कमरेचा आणि खांद्याचा बेल्ट वेगळा लागतो, आणि तो खुर्चीच्या हातांवरून न जाता अंगाला लागून गेला पाहिजे. घाईत हाच बेल्ट राहतो किंवा हातांवरून ओढला जातो. नवीन खुर्ची घेणार असाल तर डब्ल्यूसी १९ या मानकाची घ्या. तिला पट्टे अडकवायच्या चार जागा कंपनीनेच करून दिलेल्या असतात. लिफ्टच्या देखभालीची तारखांची नोंद ठेवा, दाव्यात वकील पहिली तीच मागतात.

१५ जागांची जुनी व्हॅन स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. दहा किंवा जास्त माणसं बसली की ती उलटण्याचा धोका खूप वाढतो, याबद्दल महामार्ग सुरक्षेचं केंद्रीय खातं, म्हणजे एनएचटीएसए, २००१ पासून इशारे देत आलं आहे. विमा कंपन्याही तिच्याकडे नाखुशीने बघतात.

नववी पायरी: बाहेरची गाडी बोलावत असाल तर

मेडिकल ट्रान्सपोर्ट कंपनीशी करार केला की जबाबदारी त्यांची, हे अर्धंच खरं. ते तुम्हाला अकॉर्ड २५ नावाचं एक पानी प्रमाणपत्र देतील. त्याच्या माथ्यावरच छापलेलं असतं की हे फक्त माहितीसाठी आहे आणि यातून तुम्हाला कुठलाही हक्क मिळत नाही. म्हणून त्यांच्या पॉलिसीत केंद्राला अतिरिक्त विमाधारक म्हणून जोडणारी पुरवणीच मागा. तिचं पान हाती आल्याशिवाय पहिली फेरी नको. करारात आणखी एक ओळ स्पष्ट हवी: रहिवासी तुमच्या दारातून त्यांच्या ताब्यात कधी जातो आणि दवाखान्यात तो कुणाच्या हाती द्यायचा. ‘फुटपाथपर्यंत’ पोचवणारी सेवा मेमरी केअरच्या माणसासाठी नाही. ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत तर एकट्या रहिवाशाला कधीच बसवू नका, कंपनीचं लिमिट कितीही मोठं असो.

दहावी पायरी: घडलंच तर

इतर कुठल्या अपघातात प्रवासी सांगतो, इथे दुखतंय. इथे तो हसून म्हणेल, “मला काय झालंय?” आणि हाड मोडलेलं असेल. म्हणून ब्रेक जोरात लागला एवढंच घडलं असलं, तरी गाडीतल्या प्रत्येकाची त्याच दिवशी तपासणी करा आणि तिची नोंद ठेवा. पुढचे तीन दिवस चालणं, खाणं, झोप यांत बदल दिसतो का ते लिहा. दुखणं शब्दांत येत नसलं तरी वागण्यात येतं.

मग फोटो काढा, पट्टे आणि बेल्ट होते तसेच ठेवा, डॅशकॅमचं चित्रण पुसलं जाण्याआधी काढून घ्या. ड्रायव्हर आणि सोबत्याने काय पाहिलं ते त्याच संध्याकाळी वेगवेगळं लिहून घ्या, कारण तुमचा प्रवासी साक्ष देऊ शकणार नाही. घरच्यांना त्याच दिवशी फोन करा. काय घडलं ते खरं सांगा, चूक कुणाची याचा निवाडा मात्र फोनवर करू नका. परवान्याच्या नियमानुसार राज्याला कळवायचं असतं, त्याची मुदत चुकवू नका. आणि पाचव्या पायरीत म्हटल्याप्रमाणे, सूचना ऑटो आणि प्रोफेशनल दोघांनाही.

भरपाईचा आकडा ठरताना एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तुमचे बहुतेक रहिवासी मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर, असतात. ऑटोचा विमा असेल तर मेडिकेअर दुय्यम ठरतं. उपचाराचे पैसे ते तात्पुरते भरतं आणि तडजोड झाली की त्या रकमेतून परत मागतं. विमा कंपनीला अशा दाव्याची माहिती मेडिकेअरला कळवावीच लागते. हे आधी ठाऊक नसलं की हाती आलेल्या रकमेचा मोठा भाग परत जाताना पाहून लोक केंद्रालाच फसवं समजतात.

नूतनीकरणाच्या आधी

तीन महिने आधी कंपनीकडून दाव्यांचा इतिहास, म्हणजे लॉस रन, मागवा. बंद झालेला दावा अजून उघडा दिसत असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, कारण नवी कंपनी भाव तोच कागद बघून ठरवते. अर्जात गाडीचा वापर लिहिताना ‘ऑफिसची कामं’ असं लिहून हप्ता वाचवायचा प्रयत्न करू नका. रहिवाशांची ने-आण होते हे स्पष्ट लिहा, जागांची खरी संख्या लिहा आणि अंतरही खरं लिहा, कारण ५० मैलांपर्यंत, २०० पर्यंत आणि त्यापुढे असे दरांचे टप्पे असतात. पहिल्या पायरीतली दोन आठवड्यांची वही त्या वर्षी पुन्हा भरा आणि तिची प्रत अर्जासोबत जोडा.